ग्लेनोरावरचा डाग

१

दर मंगळवारी सकाळी साडेदहाला इना गॅलब्रेथ क्लाइडबँकच्या वाचनालयात येऊन जहाजावर चढायची. एक्याऐंशीव्या वर्षी जहाजावर चढायला तिला शिडी लागत नव्हती. खुर्चीत बसायचं, डोळ्यांवर हेडसेट चढवायचा, दोन मुठींत खटक्यांचे दोन दांडे धरायचे, की समोर 'ग्लेनोरा' उभी. आठशे फुटांची, तीन धुराड्यांची, कोरी करकरीत.

खरी ग्लेनोरा चौऱ्याहत्तर सालीच भंगारात गेली होती. ही दुसरी शोना बुकॅनननं कॉम्प्युटरमध्ये बांधली होती. शोना वाचनालयात नोकरीला. तिचे वडील गोदीत नकाशे काढायचे, आणि ते गेल्यावर माळ्यावरच्या पेट्यांत तिला ग्लेनोराचे सगळे नकाशे सापडले. सात वर्षं शोनानं दुसरं काही केलं नाही. नवरा म्हणायचा, "मी बुडालो तरी हिला कळायचं नाही, जहाज तरंगतंय ना!"

इनाचं काम खोट काढायचं, आणि खोट काढण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. तरुणपणी तिनं याच गोदीत लाकडाला पॉलिश केलं होतं. ते काम तेव्हा बायकांचंच. लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापसाचा बोळा सुती फडक्यात बांधून तिच्यात भिजवायचा आणि आठाच्या आकड्यासारखा फिरवत राहायचं. फिरवत राहायचं हे महत्त्वाचं. हात थांबला की बोळा चिकटतो आणि तळहाताएवढा निस्तेज डाग पडतो.

"शोना, हे काय फासलंयस गं? हा अक्रोड आहे की टॉफी?"

"फोटोत असाच दिसतो, इना."

"फोटोवाल्यानं दिवे लावले होते, म्हणून. दोन छटा उतरव."

शोना निमूटपणे उतरवायची. शेजारच्या खुर्चीत रूबी मकफी हसायची. रूबी त्र्याहत्तरची, गोल चेहऱ्याची, सतत काहीतरी विणणारी. हेडसेट घातला की तिला गरगरायचं, म्हणून ती नुसती सोबतीला यायची. तिची मोठी बहीण नेटा इनाची जोडीदारीण होती. दोघी एकाच पॅनेलवर काम करायच्या. ग्लेनोरा तयार होता होता नेटा कुणाबरोबर तरी कॅनडाला पळून गेली, असं गावानं ठरवून टाकलं होतं.

त्या मंगळवारी इना पहिल्यांदाच बायकांच्या पत्रं लिहायच्या खोलीत शिरली. इतके आठवडे ती या खोलीला वळसा घालत होती, पण शोनानं हट्टच धरला. छोटी खोली, खिडकीकडे तोंड करून सहा टेबलं, एक शेकोटी, आणि चारी भिंतींना अक्रोडाची पॅनेलं. रंग बरोबर होता. इना तसं सांगणारच होती, तेवढ्यात तिची नजर शेकोटीच्या डावीकडच्या पॅनेलवर गेली.

कमरेच्या उंचीवर तळहाताएवढा निस्तेज डाग होता.

"हा डाग कशाला घातलास?" तिनं विचारलं.

"कसला डाग?" शोना बाहेरच्या पडद्यावर तेच बघत होती. "अगंबाई, खरंच की! सगळ्या पॅनेलांना मी एकच चित्र लावलंय. पडला तर सगळ्यांवर पडायला हवा."

"मग एकावरच कसा?"

"बघते. असेल कुठंतरी काहीतरी चुकलेलं."

इनानं हेडसेट काढला आणि थंड झालेला चहा एका दमात प्यायली. यंत्र आहे, चुकणारच, असं तिनं स्वतःला बजावलं.

२

पुढच्या मंगळवारी ती न सांगता थेट त्याच खोलीत गेली. डाग होता, पण निम्माच उरला होता. वरची अर्धी बाजू लख्ख, खालची निस्तेज. मधली कड विरत गेलेली. एखाद्या जाणत्या हातानं डाग काढायला घेतला की मधल्या टप्प्यावर तो असाच दिसतो. तो कसा काढतात ते गोदीतल्या पंचवीस बायकांना ठाऊक होतं, आणि त्यातल्या चोवीस आता गावाबाहेरच्या दफनभूमीत होत्या किंवा तिकडे निघालेल्या होत्या.

"शोना, तू डाग पुसायला घेतलास का?"

"हातच लावला नाही. वेळच मिळाला नाही गं आठवडाभर."

इना हलली नाही. हेडसेटच्या कानांतून जहाजाची घरघर येत होती, लांबवर पियानो वाजत होता, मध्येच एखादा समुद्रपक्षी ओरडायचा. या सगळ्याच्या खाली आणखी एक आवाज होता. सर्र, सर्र, सर्र. थांबत नव्हता. प्रत्येक आठाच्या वळणावर किंचित चिरकायचा, बोळ्यातलं तेल कमी झालं की चिरकतो तसा.

"तो घासल्याचा आवाज बंद कर."

"घासल्याचा? इना, मी फक्त इंजिन, पियानो आणि पक्षी घातलेत."

"मग मला काय ऐकू येतंय?"

"श्रवणयंत्र काढून बघ बरं."

इनानं एक कान मोकळा करून श्रवणयंत्र काढलं. पियानो पुसट झाला, पक्षी गेला. सर्र, सर्र मात्र तेवढंच राहिलं.

तेव्हाच तिचं लक्ष वरच्या कोपऱ्यातल्या अक्षरांकडे गेलं. तिथे नेहमी 'जहाजावर: १' असं असायचं. एका वेळी कितीजण आत आहेत ते कळावं म्हणून शोनानं ती सोय केली होती. आज तिथे दोन होते.

"आत आणखी कोण आहे?"

शोनानं खटखट बटणं दाबली. "कुणीच नाही. कुणीतरी मागे आत गेलं असणार आणि नीट बाहेर पडलं नसणार. बाहेर पडल्याची नोंद झाली नाही ना, तर यंत्र त्या माणसाला आतच धरतं."

"केव्हापासून?"

"ते नाही दिसत."

रूबीच्या विणकामाच्या सुया थांबल्या होत्या. "इना, घाम आलाय तुला," ती म्हणाली. "चल, आज पुरे."

३

इनाला सगळं आठवत होतं. बासष्ट वर्षांत एक दिवस असा गेला नव्हता की तिला ते आठवलं नाही.

शेकोटीच्या डाव्या पॅनेलमागे एक पोकळी होती. तिथून एक नळ जायचा होता, तो मग दुसरीकडून गेला आणि उभ्या कपाटाएवढी जागा मोकळी राहिली. नकाशात ती कुणी दाखवली नव्हती. पॉलिशवाल्या बायकांनी ती हेरली, सुतारांना लाडीगोडी लावून पॅनेलला तात्पुरत्या बिजागऱ्या आणि बाहेरून एक लाकडी खिट्टी करून घेतली, आणि आत लाखेच्या बरण्या, स्पिरिटचे डबे नि चहाची किटली ठेवली. मुकादमाला पत्ता नव्हता. लागला असता तर सगळ्यांची नोकरी गेली असती.

एकसष्ट सालच्या मार्चमधला शुक्रवार. शनिवारी पहाटे जहाज चाचणीसाठी समुद्रात निघणार होतं. त्या पॅनेलवर नेटा शेवटचा हात फिरवत होती. इनाला चेष्टा सुचली. ती मागून जाऊन नेटाच्या कानात मुकादमाच्या आवाजात खेकसली. नेटा दचकली, हात थांबला, डाग पडला.

"मेले, आता हा डाग तुझ्या नाकानं पुसते बघ!" असं म्हणत नेटा नवा बोळा बांधायला पोकळीत शिरली. तिच्यामागे इनानं पॅनेल लोटलं आणि खिट्टी फिरवली. आतून नेटानं दोन शिव्या हासडल्या. इना तोंडावर हात धरून हसत होती. दोन मिनिटांनी उघडायचं होतं.

तेवढ्यात सुटीचा भोंगा झाला. मुकादम खोलीत आला, आणि त्याच्यासमोर ती खिट्टी उघडणं शक्य नव्हतं. "चला, सगळ्या खाली! आज जहाज रिकामं हवंय!" बायकांच्या लोंढ्यात इना शिडीवरून उतरली. रात्रपाळीचे सुतार आहेत, नेटा दार बडवेल, ते उघडतील, असं ती स्वतःला सांगत होती.

गोदीच्या दारावर दुसरं संकट उभं होतं. आत जाताना प्रत्येकानं आपल्या नंबराचा पितळी बिल्ला खिडकीतून उचलायचा आणि बाहेर पडताना तो परत टाकायचा, असा नियम होता. पॉलिशवाल्या बायकांचे हात लाखेनं चिकट असायचे, म्हणून जोडीतल्या एकीनं दोघींचे बिल्ले सांभाळायची रीत होती. तिला 'कोरड्या हाताची' म्हणायचे. त्या जोडीत कोरड्या हाताची इना होती. एकच बिल्ला टाकला असता तर पहारेकऱ्यानं विचारलं असतं, दुसरी कुठाय? पोकळी, किटली, खिट्टी, सगळं बाहेर आलं असतं. इनानं दोन्ही बिल्ले टाकले.

नेटा मकफी साडेपाचला गोदीतून बाहेर पडली, अशी नोंद झाली.

शनिवारी पहाटे जहाज गेलं. सोमवारी परत आलं तेव्हा पॅनेलला स्क्रू मारून झाले होते आणि कुणीतरी घाईघाईनं डागावरून लाख फिरवली होती. नेटाची आई गोदीच्या दारात उभी होती. तिनं विचारलं, "इना, तुला काही बोलली का गं ती?" आणि इना म्हणाली, "नाही, मावशी. मला काही माहीत नाही." बंद जागेत स्पिरिटच्या वाफा भरल्या की माणसाला ओरडायलासुद्धा सुचत नाही, हे इनाला माहीत होतं. तेही ती बोलली नाही.

जहाज तेरा वर्षं प्रवासी वाहत राहिलं. ते मोडीत निघालं तेव्हा इनानं वर्षभर रोजचं वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. काहीही छापून आलं नाही.

४

तिसऱ्या मंगळवारी ती येणार नव्हती. तिनं फोन करून पाय दुखतोय असं सांगितलंही होतं. पण दहा वाजता तिनं कोट चढवला आणि सव्वादहाला ती वाचनालयाच्या दारात होती.

डाग गेला होता. नामोनिशाण नव्हतं. पॅनेल असं लखलखत होतं की त्यात समोरची खिडकी दिसत होती, खिडकीबाहेरचा समुद्र दिसत होता. इतकं सुंदर काम इनानं स्वतः आयुष्यात केलं नव्हतं. नेटा करायची.

आणि पॅनेल उघडं होतं. फार नाही, दोन बोटं. फटीत काळोख.

तिला स्पिरिटचा वास आला. हेडसेटला वास नसतो. मग तिला आठवलं की शोना दर वेळी भिंगं स्पिरिटच्या ओल्या कागदानं पुसते. तोच असणार. तोच असला पाहिजे. इनानं तोंडानं श्वास घ्यायला सुरुवात केली, तरी वास कमी होईना.

सर्र, सर्र, सर्र. फटीतून.

ती पुढे सरकली. म्हणजे अंगठा दाबला. खोली तिच्या अंगावर आली. तिनं फटीला डोळा लावला.

आत कोपर हालत होतं. निळ्या कामाच्या झग्याची बाही वर दुमडलेली, आणि त्याखाली उघडं, बारीक कोपर. बाहेर, आत, वळण. बाहेर, आत, वळण. हात थांबत नव्हता. आतल्या बाजूला पॉलिश करायला काही नव्हतं, कच्ची फळी होती. त्या कच्च्या फळीलाही आता झिलई आली होती.

इनानं हेडसेट ओरबाडून काढला. कानामागची कातडी सोलली गेली.

"फट बघितलीस?" शोना पडद्यासमोर कपाळाला आठ्या घालून बसली होती. पडद्यावर नुसती काळी रेघ होती, आणि कोपऱ्यात दोन. "नकाशात तिथे भरीव भिंत आहे. त्यामागे मी काही बांधलेलंच नाही. शनिवारी उद्घाटन, महापौर येणार, आणि ही असली भोकं! थांब, आत्ता बुजवते. एका बटणाचं काम आहे."

"नको!"

वाचनालयातली चार डोकी वळली. इनानं शोनाचं मनगट धरलं होतं.

"नको," ती हळू म्हणाली. "आज नको. उद्या कर. मला आधी रूबीशी बोलायचंय."

५

बालविभागात त्या वेळी कुणी नसायचं. बुटक्या रंगीत खुर्च्यांवर दोन म्हाताऱ्या गुडघे पोटाशी घेऊन बसल्या.

"नेटा कॅनडाला गेली नाही," इना म्हणाली.

रूबीनं सुया पिशवीत ठेवल्या.

"ती जहाजावरच राहिली होती. डाग पडला होता, तो काढायला थांबली. शेकोटीमागच्या पोकळीत आमचं सामान असायचं, तिथे गेली. आणि मी... दारावर मी तिचा बिल्ला टाकला. दोघींचे माझ्याकडे होते. मी टाकायला नको होता. मी सांगितलं असतं तर त्यांनी शोधलं असतं. रूबी, मी मावशीच्या तोंडावर खोटं बोलले."

बोलून झाल्यावर तिला हुंदका आवरेना. रूबीनं पिशवीतून रुमाल काढला.

"बिल्ल्याचं आम्हाला माहीत होतं, इना."

"काय?"

"दारावरचा पहारेकरी, म्हातारा टॅम. मरायला टेकला तेव्हा त्यानं आईला बोलावून घेतलं. एकोणऐंशी साली. एकाच हातातून दोन बिल्ले पडलेले त्यानं पाहिले होते. बोलला असता तर त्याचीही नोकरी गेली असती. तोवर जहाजच कुठं होतं शोधायला?"

"मग तुम्ही मला... चव्वेचाळीस वर्षं..."

"मी निघाले होते तुझ्या झिंज्या उपटायला. आईनं अडवलं. म्हणाली, एकोणीस वर्षांची पोर होती ती, घाबरली असेल. ती आपण होऊन येईल. आपण विचारायचं नाही. आई मरेपर्यंत रात्री आमच्या दाराला आतून कडी नव्हती. लोक म्हणायचे, बिचारी नेटाची वाट बघते. ती तुझी वाट बघत होती गं."

रूबीनं तिचे दोन्ही हात हातात घेतले. रूबीचे हात गरम होते. "आलीस ना शेवटी," ती म्हणाली. "झालं. सुटलीस."

इना रडली. असं मोकळं रडू तिला नवऱ्याच्या मयताला आलं नव्हतं. छातीवरची शिळा कुणीतरी उचलत होतं आणि ती उचलू देत होती. खिट्टीचं सांगायचं राहिलंय हे तिला रडता रडताही ठाऊक होतं. दोन शब्दांचं काम होतं. 'मी कोंडलं.' जीभ टाळ्यापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. एवढं मिळालंय, आता कशाला, असं तिच्या मनानं म्हटलं. बिल्ल्याचं सांगितलं म्हणजे सगळंच सांगितल्यासारखं आहे.

"मला दाखव," रूबी म्हणाली.

"काय?"

"ती जागा. जिथे ती राहिली. उद्या शोना बुजवणार आहे ना?"

"तुला गरगरतं, रूबी."

"गरगरू दे. तू हात धर माझा."

"नको रूबी. तिथे बघण्यासारखं काही नाही. खोटं जहाज आहे ते."

"मग कशाला अडवतेस?" रूबीनं साधेपणानं विचारलं.

६

शोनानं रूबीला हेडसेट चढवून दिला, पट्टा सैल केला, थेट पत्रं लिहायच्या खोलीत सोडलं आणि ती चहा आणायला गेली. एक दांडा रूबीच्या उजव्या हातात होता. डावा हात इनाच्या हातात. इना पडद्याकडे बघत बसली.

"किती छान आहे गं," रूबी म्हणाली. "ही टेबलं, आणि तो समुद्र. आणि पॉलिश तर बघ. हे तुम्ही केलंत?"

"डावीकडे शेकोटी. तिच्या बाजूला. बघ आणि बाहेर ये."

पडद्यावर फट मघापेक्षा रुंद झालेली होती. आता चार बोटं तरी असेल. रूबी तिच्यासमोर थांबली. पडद्याच्या आवाजातून फक्त पियानो येत होता. इना कान देऊन ऐकत होती, आणि घासल्याचा आवाज येत नव्हता. ते तिला बरं वाटलं नाही. तो हात थांबायला नको होता.

"कोण?" रूबी म्हणाली.

इनानं तिचा हात ओढला. "रूबी, काढ ते आता."

रूबीनं ऐकलं नाही. तिनं मान थोडी वाकडी केली, दाराआडून कुणी हळू आवाजात बोलत असलं की आपण करतो तशी. तिच्या तोंडावर हसू आलं. अकरा वर्षांच्या पोरीचं हसू होतं ते, सुरकुत्यांच्या आत कुठेतरी.

"हो, मीच. म्हातारी झाले गं मी. तू नाही झालीस." ती थांबली. "नाही, आई गेली. अठ्ठ्याऐंशी सालात. झोपेतच गेली, त्रास नाही झाला."

इना मोकळ्या हातानं यंत्राची तार शोधत होती. खुर्चीवरून तिथवर पोचता येत नव्हतं, आणि उठायचं तर रूबीचा हात सोडावा लागला असता. पडद्यावर फट आणि फटीतला काळोख, बाकी काही नाही.

"इना? हो, आहे ना. ही काय, शेजारीच बसलीय, माझा हात धरून. तिनं सगळं सांगितलं मला." रूबीनं इनाचा हात मायेनं दाबला. "अगं नको रागावू तिच्यावर. पोर होती, घाबरली. बिल्ला टाकला तिनं, एवढंच."

मग रूबी ऐकत राहिली.

बराच वेळ ऐकत राहिली. तिच्या तोंडावरचं हसू होतं तिथेच होतं, पण आता त्याला काही अर्थ राहिला नव्हता.

"बाहेरून?" ती म्हणाली.

शोना चहाचे तीन कप घेऊन दारात आली आणि तिथेच थबकली. इनानं तोंड उघडलं. बासष्ट वर्षं अडकलेले दोन शब्द आता अगदी ओठांवर होते, आणि ते ऐकायला रूबीचे कान मोकळे नव्हते.

रूबीनं आपला हात सोडवून घेतला आणि मांडीवर ठेवला.